लाख्याच्या कानातला बिल्ला

सोमवारी आमच्या गावात लस येणार होती, आणि शनिवारी सकाळी आमच्या लाख्या बैलाने कुटाराला तोंड लावलं नाही.

सप्टेंबर २०२२. अंगावर गाठी आणणारा लम्पी त्या साली ४ ऑगस्टला जळगाव जिल्ह्यात, रावेर तालुक्यातल्या चिनावलला सापडला. तिथून महिन्याभरात बुलढाणा, अकोला, अमरावती असं करत तो आमच्या वऱ्हाडात पसरला. लस सरकारकडून फुकट होती, पण सुरुवातीला सगळ्यांना पुरेल एवढी नव्हती. म्हणून जिथे आजारी जनावर सापडेल त्या गावापासून पाच किलोमीटरच्या आतल्या गावांना आधी लस, असा नियम होता. आमच्या जवळचं बाधित गाव सात किलोमीटरवर होतं, त्यामुळे आम्ही बाहेर राहिलो. मग मधल्या एका वाडीत गाय सापडली, आम्ही पाच किलोमीटरच्या आत आलो, आणि आमच्या गावासाठी सोमवार ठरला. तोवर आजार आमच्या कोठ्यात येऊन बसला होता.

आमची साडेचार एकर कोरडवाहू. सोयाबीन, तूर आणि पाणी मिळालं तर थोडा हरभरा. लाख्या-चांद्या ही बैलजोडी, एक गाय आणि तिची दीड वर्षाची कालवड. लाख्या लाखेच्या रंगाचा, चांद्याच्या कपाळावर पांढरा टिळा. त्याच्या तीन वर्षं आधी जोडी ८५ हजारांना आणली तेव्हा माझ्या कानातले गहाण होते. लम्पीच्या साली पोळाही भरला नव्हता. आजाराच्या भीतीने ग्रामपंचायतीने घरीच पूजा करा म्हणून सांगितलं. आदल्या संध्याकाळी मामाजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, दोघांचे खांदे शेकले, लोणी-हळद लावली आणि ‘आज आवतण घ्या, उद्या जेवायला या’ म्हणत त्यांच्या मानेवरून हात फिरवला. नैवेद्य कोठ्यातच दाखवला. तोरणाखाली जोडी उभी राहिली नाही याचं मामाजींना फार लागलं होतं.

शनिवारी लाख्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, नाक वाहत होतं आणि कान गरम होते. ह्यांनी ढोरांच्या दवाखान्यात फोन केला. आमच्याकडे तेव्हा श्रेणी-२ चा दवाखाना होता, म्हणजे एक पशुधन पर्यवेक्षक आणि एक परिचर. त्या दोघांकडे नऊ गावं. पर्यवेक्षक साहेब त्या दिवशी दुसऱ्या गावात लसीकरण करत होते. “संध्याकाळपर्यंत होत नाही, उद्या येतो,” म्हणाले. ह्यांना धीर निघाला नाही. ओळखीचा एक खाजगी माणूस आहे, जनावरांना इंजेक्शनं देत फिरतो. तो आला, दोन सुया मारल्या, सहाशे रुपये घेतले. काय दिलं ते सांगितलं नाही, चिठ्ठी नाही, ताप मोजला नाही. “वाऱ्याचा ताप आहे,” म्हणाला आणि गाडीला किक मारून गेला.

रविवारी पहाटे मी झाडायला गेले तेव्हा लाख्याच्या मानेवर हात पडला आणि बोटांखाली काहीतरी टणक लागलं. बॅटरी आणून पाहिलं. मानेवर, खांद्यावर, मागच्या मांड्यांवर सुपारीएवढ्या गाठी उठल्या होत्या, केस उभे राहिलेले. एका रात्रीत. मी मोजायला लागले आणि चाळीसपर्यंत जाऊन सोडून दिलं.

शेजारच्या काकू म्हणाल्या, कोणाला सांगू नको, दूध कोणी घेणार नाही. गावात दोघातिघांनी तसं लपवलंही होतं. दुधाबद्दल तेव्हा फार अफवा होत्या. हा आजार जनावरातून माणसाला होत नाही आणि उकळलेल्या दुधाला काही होत नाही, हे पर्यवेक्षक साहेबांनी नंतर घरोघर सांगितलं. तरी आमचं रतिबाचं दूध दीड महिना घरातच राहिलं. मी लपवलं नाही. हिंमत होती असं नाही, मला फक्त लाख्या दिसत होता. मी १९६२ ला फोन लावला. पशुसंवर्धन खात्याचा हा टोल फ्री नंबर दवाखान्याच्या भिंतीवर लिहिलेला होता. पलीकडच्या मुलीने गाव, तालुका, जनावर, लक्षणं विचारली आणि कानात बिल्ला आहे का, म्हणून विचारलं. मी नाही म्हणाले. तिने तक्रार नोंदवून घेतली आणि कळवते म्हणाली.

पुढे मला कळलं की आजार कळवणं मर्जीवर नाहीच. २००९ चा प्राण्यांमधल्या संसर्गजन्य रोगांचा केंद्राचा कायदा आहे. जनावराला असा आजार असल्याची शंका आली तर मालकाने गावातल्या अधिकाऱ्याला किंवा पंचायतीला कळवायचं, आणि त्यांनी ते पशुवैद्यकापर्यंत पोचवायचं. त्याच कायद्याखाली सप्टेंबरात सगळा महाराष्ट्र नियंत्रित क्षेत्र झाला. बैलबाजार बंद, शर्यती बंद, ढोरांची ने-आण बंद. गावात कोणाला हे माहीत नव्हतं. निदान पाटीवर तरी लिहायला हवं होतं. लोकांनी आजार लपवला तो भीतीपोटी, आणि त्या लपवण्याने शेजारच्याचं जनावर गेलं.

बिल्ल्याचं सांगायला पाहिजे, कारण पुढचं सगळं त्यावर अडलं आणि त्यावरच सुटलं.

आदल्या साली लाळ्या-खुरकुताच्या लसीला पर्यवेक्षक साहेब आले होते. ही लस वर्षातून दोनदा असते, आणि त्या कार्यक्रमात प्रत्येक जनावराच्या कानात बारा आकडी नंबरचा पिवळा बिल्ला मारतात. गाय आणि कालवड यांना मारू दिला. बैलांना मामाजींनी हात लावू दिला नाही. “कान पिकते,” म्हणाले. “अन् पोळ्यात बईल तोरनाखाली उभा राहते तवा कानात ते प्लॅस्टिक दिसते. आमच्या बैलाले नंबर नाही लागत, गावात सारे वयखतात त्याले.” पर्यवेक्षक साहेबांनी समजावलं, मग पुढच्या घरी गेले. मीही तेव्हा काही बोलले नाही. खरं सांगते, मलाही वाटलं होतं, काय घाई आहे.

रविवारी संध्याकाळी सहा वाजता ते आले. दिवसभर दुसऱ्या गावात लसीकरण करून आलेले, शर्ट घामाने पाठीला चिकटलेला, हातात लसीची थंड पेटी. थर्मामीटर लावला, १०५ च्या वर पारा. पायाला सूज, गळ्याखालच्या पोळीत पाणी भरलेलं. लाख्या बसतही नव्हता, बसला तर उठता येणार नाही हे त्याला कळत असावं. साहेबांनी सगळं पाहिलं, मग पिशवीतून बिल्ला मारायचा चिमटा काढला.

मला इतका राग आला. तापाने थरथरणारं जनावर, आणि ह्यांना नंबर मारायचाय! मी म्हणाले, “साहेब, आधी औषध द्या.”

ते म्हणाले, “ताई, औषध देतोच. पण आज मी ह्याच्या नावाने उपचार लिहिणार, तर नाव पाहिजे. उद्या चांगलं झालं तर लसीची नोंद ह्याच नंबरवर. आणि वाईट झालं तर... तेव्हा ह्याच नंबरवर सगळं.”

मामाजी काही बोलले नाहीत. त्यांनीच मोरखी धरली. साहेबांनी कानाची शिर बोटांनी चाचपून मधली जागा शोधली, स्पिरिटचा बोळा फिरवला आणि चिमटा दाबला. ‘खट्’ एवढाच आवाज. एरवी सुई दिसली तरी लाथ मारणारा लाख्या हललाही नाही. रक्ताचा एक थेंब आला, तो मामाजींनी धोतराच्या सोग्याने पुसला. मग साहेबांनी मोबाईलवर नंबर, मालकाचं नाव, गाव, जनावराचं वय, रंग असं भरलं. मालकाचं नाव विचारलं तेव्हा मामाजी समोर उभे होते, म्हणून मामाजींचं नाव गेलं. ह्याचा घोळ पुढे झाला.

त्या दिवसापासून रोज इंजेक्शन. जखमेत दुसरा संसर्ग होऊ नये म्हणून अँटिबायोटिक, तापाला आणि सुजेला मेलॉक्सिकॅम, बी-कॉम्प्लेक्स, ॲलर्जीचं. विषाणूवर थेट औषध नाही, हे साहेबांनी पहिल्याच दिवशी सांगितलं. त्याच्या अंगात लढायची ताकद टिकवायची, एवढंच आपल्या हातात. उपचाराचे पैसे त्यांनी घेतले नाहीत. चौथ्या दिवशी दवाखान्यातलं अँटिबायोटिक संपलं. वरून आलं नव्हतं. ते चिठ्ठी लिहून देताना माझ्याकडे बघत नव्हते. बाहेरून आणलं, तीन दिवसांचे अकराशे रुपये गेले.

घरचे उपाय त्यांनीच सांगितले. दहा विड्याची पानं, दहा ग्रॅम मिरे, दहा ग्रॅम मीठ, गुळात वाटून दिवसातून थोडं थोडं चाटवायचं. गाठी फुटल्या तिथे पोटॅशच्या पाण्याने धुवायचं, हळद आणि कडुनिंबाचं तेल लावायचं, माशी बसू द्यायची नाही. माशी, डास, गोचीड हेच हा आजार वाहून नेतात. संध्याकाळी कडुनिंबाच्या पाल्याचा धूर, कोठ्यात चुना, शेणाचा उकिरडा दूर. गाय आणि कालवड मी चुलत सासऱ्यांच्या रिकाम्या कोठ्यात नेऊन बांधली. चांद्या लाख्याशिवाय राहीना. दावं तोडून दोनदा परत आला.

सोमवारी लस आली. ही लस मुळात शेळ्यांच्या देवीची, गोट पॉक्सची. गायीबैलांना एक मिली, कातडीखाली. चावडीसमोर वडाखाली रांग लागली. दर जनावराला नवी सुई. एका म्हाताऱ्याने विचारलं, एवढ्या सुया कायले वाया घालता? साहेब म्हणाले, “एकाच सुईने टोचलं तर मीच आजार वाटत फिरेन.” आमच्या तिघांचा ताप मोजून लस दिली. लस दिली तरी अंगात ताकद यायला पंधरा ते एकवीस दिवस लागतात, तोवर सांभाळा, म्हणाले. आजारी जनावराला लस देत नाहीत. लाख्याला नाही दिली.

रात्रीचं लिहावंसं वाटत नाही, पण लिहिते. मी आणि हे आळीपाळीने बसायचो. लाख्या उभ्याउभ्या डोळे मिटायचा आणि गुडघा लचकला की दचकून जागा व्हायचा. आठव्या दिवशी तो बसला आणि उठला नाही. मागच्या पायाची सुजलेली कातडी फाटली, तिथून पाणी झिरपायला लागलं. बाजू बदलायला पाच माणसं लागायची, पोत्यात कुटार भरून त्याच्या खाली सरकवायचो. घशातही गाठी झाल्या होत्या, गिळता येत नव्हतं. मी ज्वारीची पातळ आंबील नळीने पाजायचे. शेवटच्या रात्री त्याने माझ्या हाताला जीभ लावली. जीभ कोरडी होती, खरखरीत नव्हती.

बाराव्या दिवशी, बुधवारी सकाळी तो गेला. चांद्या तेव्हा ओरडला. मामाजी अंगणातल्या खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

मृत जनावर ओढून नेऊन गावाबाहेर टाकायचं ही आमच्याकडची जुनी रीत. मी ते होऊ दिलं नाही, साहेबांनी आधीच बजावलं होतं. फोन केला. ते तालुक्याच्या पशुधन विकास अधिकारी मॅडमना घेऊन साडेअकराला आले. मॅडमकडे आणखी दोन दवाखान्यांचा अतिरिक्त कार्यभार होता, सकाळपासून हा तिसरा पंचनामा, म्हणाल्या. ग्रामसेवक, पोलीस पाटील आणि दोन शेजारी पंच म्हणून आले. लाख्याच्या अंगावरची चादर मी काढली.

पंचनामा माणसाला आतून ढवळतो, हे मला तोवर माहीत नव्हतं. ‘वय अंदाजे सात वर्षे, रंग तांबडा, शिंगे आडवी, डाव्या शिंगाचे टोक तुटलेले, शेपूट गोंडा काळा.’ ग्रामसेवक वाचत होते आणि मी होकार देत होते. त्याचं शिंग तुटलं ते पहिल्या पेरणीच्या दिवशी, बांधावरच्या बाभळीत अडकून. कागदावर त्या शिंगाला तेवढीच एक ओळ. मग बिल्ला. मॅडमनी कानाला हात लावून नंबर मोठ्याने वाचला, साहेबांनी मोबाईलवर ताडून पाहिला, उपचाराच्या नोंदवहीतली पानं जुळवली. बिल्ला नीट दिसेल असा कानाचा फोटो, पूर्ण जनावराचा फोटो, मालकाबरोबर फोटो. मामाजींना खाटेवरून उठवून आणावं लागलं. ते लाख्याजवळ उकिडवे बसले आणि फोटोत कॅमेऱ्याकडे बघितलंच नाही.

मॅडम जाताना मला बाजूला घेऊन म्हणाल्या, “शनिवारी दिलेल्या सुईची चिठ्ठी आहे का?” नव्हती. त्या काही बोलल्या नाहीत, फक्त कागदावर ‘उपचार सुरू दिनांक’ म्हणून रविवारची तारीख लिहिली. तो एक दिवस आमचा कुठेच नोंदला गेला नाही.

खड्डा ग्रामपंचायतीच्या जेसीबीने खोदला. आठ फूट खोल, विहिरीपासून आणि नाल्यापासून दूर, आमच्याच बांधावर. खाली चुना, वर चुना. मीठ मी घातलं, का ते माहीत नाही, आमच्या आईने घातलं असतं म्हणून.

मदतीची रक्कम ठरलेली होती: दुधाळ जनावर ३० हजार, ओढकामाचं २५ हजार, वासरू १६ हजार. सगळे पैसे राज्य सरकारचे. पंचनामा, डॉक्टरांचा दाखला, आधार, बँकेच्या पासबुकाची झेरॉक्स, बिल्ल्याचा फोटो आणि अर्ज. हे आठवड्याभरात देऊन आले. मग शांत. दसरा झाला, दिवाळी आली. दिवाळीनंतर फोन आला, प्रकरण परत आलंय. बिल्ल्याच्या नोंदीत मालक मामाजी, आणि पासबुक दिलं होतं ह्यांचं. रक्कम मालकाच्याच खात्यात जाते. मामाजींचं खातं होतं, पण वर्षानुवर्षं वापरलेलं नव्हतं, बँकेने बंद ठेवलेलं. बँकेत तीन चकरा, आधार जोडणं, मामाजींचा अंगठा मशीनवर उमटेना, मग हात गरम पाण्याने धुवून चौथ्यांदा लावला तेव्हा उमटला. अर्ज नव्याने. पैसे जानेवारीत आले.

तोवर हरभऱ्याची पेरणी होऊन गेली होती. एका बैलाने काही होत नाही. चांद्या कोठ्यात उभा आणि ट्रॅक्टरवाल्याला रोख पैसे. नवा बैल आणायचा तर बाजार बंद. आणि बाजार उघडा असता तरी २५ हजारांत बैल येत नाही, तेव्हाही येत नव्हता. सरकारने दिले याचं मला मोल आहे, ते पैसे सावकाराच्या दारात जाण्यापासून वाचवून गेले. पण मला विचाराल तर त्या २५ हजारांपेक्षा मला तो शनिवार परत हवा आहे. नऊ गावांना एकाऐवजी दोन पर्यवेक्षक असते तर शनिवारीच ताप मोजला गेला असता. लस पाच किलोमीटरच्या हिशेबाने न येता पंधरा दिवस आधी सरसकट आली असती तर ती लाख्याच्या अंगात मुरली असती. पुढे लस सरसकट झाली, राज्यातल्या १ कोटी ३९ लाख गायीबैलांसाठी ती घेतली गेली, आणि आजार उतरला. म्हणजे करता येत होतं. मेल्यावर पंचनाम्याला सहा माणसं आली. जिवंत असताना एकच माणूस येत होता, आणि तोही आठ गावं करून.

त्या एका माणसाबद्दल माझ्या मनात राग नाही. उलट आहे. बारा दिवसांत तो अकरा वेळा आमच्या दारात आला, एकदा रात्री साडेनऊला, पावसात. चहा घेतला नाही, म्हणे हात धुवायला वेळ नाही. नंतर कळलं की त्याच हंगामात त्याच्या स्वतःच्या घरची गाय आजारी होती.

कालवडीला लस घेऊनही पंधराएक गाठी आल्या. ताप दोन दिवस होता, मग उतरला. मानेवर खुणा राहिल्यात, केस पांढरे आलेत तिथे. चांद्या आणि गाय बचावली.

हिवाळ्यात एका संध्याकाळी मामाजी आपणहून बोलायला लागले. त्यांच्या लहानपणी बुळकांडी यायची. “एका हप्त्यात गाव खाली व्हये ढोराईचं. नाकातून, तोंडातून पानी अन् हगवन. मंग सरकारी मानूस ये, सायकलवर, पेटी घेऊन. आमचा आजा ढोरं लपवे रानात, सुई नको म्हने.” थोडं थांबून म्हणाले, “आता कोनी नाव बी घेत नाही बुळकांडीचं.” मी मोबाईलवर शोधून त्यांना वाचून दाखवलं: १९५४ पासून देशभर बुळकांडीची लस टोचत गेले, २००६ मध्ये भारत त्या रोगातून मुक्त ठरला, २०११ मध्ये सगळं जग. जनावरांचा एखादा रोग पृथ्वीवरून पुसला गेल्याचं ते पहिलंच उदाहरण. हे संशोधन करणारी देशातली पहिली प्रयोगशाळा १८८९ मध्ये पुण्यात सुरू झाली होती, तेही त्यात होतं. मामाजींनी दोनदा विचारलं, “पुन्यात?” मग चांद्याकडे बघत बसले. दुसऱ्या दिवशी चांद्याच्या कानात बिल्ला मारला. लाळ्या-खुरकुताच्या फेरीत गावात कोणी टाळाटाळ केली की मामाजी काठी टेकत तिथे जातात. बायका मला फोन करतात. मी त्यांना सांगते, बिल्ला मारताना ज्याचं बँक खातं चालू आहे त्याचंच नाव मालक म्हणून द्या, आजार दिसला त्याच दिवशी दवाखान्यात कळवा आणि नोंदवहीत लिहिलेलं डोळ्यांनी पाहा, खाजगी माणूस बोलावलाच तर चिठ्ठी घेतल्याशिवाय सुई मारू देऊ नका.

एप्रिलमध्ये बाजारातून चांद्याला जोड आणली. पांढऱ्या रंगाचा, चार दाती, ४८ हजारांना. मदतीचे २५ आणि तुरीचे उरलेले. त्याच्या कानात आधीच बिल्ला होता, दुसऱ्या जिल्ह्यातला. आता तर जून २०२४ पासून बिल्ल्याशिवाय बाजारात खरेदी-विक्रीच नाही, तेव्हा तसं नव्हतं, तरी मामाजींनी बाजारात दात बघायच्या आधी कान पाहिला.

मालकी बदलायला पर्यवेक्षक साहेब घरी आले. बिल्ल्यावरचा शेणाचा थर मी अंगठ्याने खरवडला, आणि साहेबांनी एकेक आकडा वाचला. मोबाईलवर त्याचं आधीचं गाव आलं, मालकाचं नाव आलं, लाळ्या-खुरकुताच्या लसीच्या दोन तारखा आल्या. खाली लम्पीची लस, २ ऑगस्ट २०२२.

“चिनावलला लम्पी सापडला त्याच्या दोन दिवस आधी,” मी म्हणाले.

साहेबांनी स्क्रीन जवळ नेऊन पाहिली, मग म्हणाले, “नाही ताई, मोडलेली काच आहे, तारीख नीट दिसली नाही तुम्हाला. १२ ऑक्टोबर आहे.”

मामाजींनी विचारलं, “म्हंजे लागली ना त्याले सुई?”

“लागली, बाबा.”

“मंग लिवा आता आमचं नाव,” मामाजी म्हणाले, आणि स्वतःच्या मुलाचं नाव सांगितलं.